पलंग खिडकीकडे वळवा, पण स्वतः ओढू नका

आजारपणात पलंग खिडकीशी नेल्यापासून पक्षी दिसू लागले आणि दिवस सुसह्य झाला, हे तुमचं म्हणणं मनापासून पटलं. याला आधारही आहे. संशोधक रॉजर उलरिक यांनी १९८४ मध्ये ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या ४६ रुग्णांची तुलना छापली होती. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली.

दुर्बीण घेणार असाल तर ८×४२ ऐवजी हलकी ८×२५ घ्या (पहिला आकडा किती पट मोठं दिसेल त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये). अशक्तपणात हात लगेच थरथरतात, म्हणून कोपरांखाली उशी हवीच. काही दिसत नसेल तेव्हा नुसतं ऐका. मर्लिन ॲप आवाजावरून पक्षी सुचवतं, डोळे मिटून पडल्या पडल्याही ते जमतं.

मला सगळ्यात जास्त आनंद पाण्याच्या उथळ थाळीने दिला. दोन-तीन सेंटिमीटर पाणी पुरतं. बुलबुल आधी काठावर बसून मान तिरकी करतो, चोच बुडवतो, मग एकदम आत उतरून पंख फडफडवतो! पाणी मात्र रोज बदला, थाळी घासा. आजारी माणसाने हे काम दुसऱ्याकडे सोपवावं.

खोलीचं रूप बदलताना घाई नको. ताजा रंग, धूळ झटकणं हे पूर्ण बरं झाल्यावर. सध्या पडदा, चादर आणि दिव्याची जागा एवढंच बदला, आणि जड सामान दुसऱ्या कुणाला तरी हलवू द्या.