पोचल्याचं कळव गं! (अनुभव सांगा)

वृंदा_देवरूखकर

मागच्या शुक्रवारी लेक जर्मनीला गेली, आखेनला, पुढच्या शिक्षणासाठी. विमान कुठे आहे ते फोनवर दिसत होतं, ते इवलंसं विमान काळ्या समुद्रावरून सरकताना मी रात्रभर बघत बसले. फ्रँकफर्टला उतरल्यावर "उतरले" एवढा एक शब्द आला आणि मग साडेपाच तास काहीच नाही. गाडी बदलायची होती, फोनची बॅटरी संपली, खोलीची किल्ली घ्यायची होती. सगळं समजत होतं, पण जीव थाऱ्यावर नव्हता.

रविवारी देवरूखच्या घरी गेले होते. माळ्यावर बाबांची पत्रांची तार सापडली. लहान मुलांना माहीत नसेल म्हणून सांगते, लाकडाच्या गोल ठोकळ्यात उभी जाड तार, वरचं टोक वाकवलेलं, आलेलं पत्र वाचून झालं की त्यात टोचून ठेवायचं. खालची पत्रं सगळ्यात जुनी. त्यात माझं १९८८ चं कार्ड निघालं.

मी तेव्हा मिरजेला नर्सिंगला गेले. पहिल्यांदाच घराबाहेर. देवरूखहून एसटी, साखरपा, आंबा घाट, मलकापूर, कोल्हापूर, तिथून पुढे मिरज. बाबा प्राथमिक शाळेत मास्तर. निघताना त्यांनी पिशवीत एक पोस्टकार्ड ठेवलं. पत्ता त्यांनीच लिहिलेला, आणि मागे मजकूरसुद्धा त्यांनीच लिहिलेला! "तीर्थरूप बाबांस सा. न. वि. वि. मी आज ..... वाजता सुखरूप पोचले. प्रकृती ...... . जेवण ...... ." रिकाम्या जागा तेवढ्या मी भरायच्या. शाळेच्या पेपरासारखं. मी भरल्या होत्या: सव्वासहा. उत्तम. झाले. खरं तर घाटात दोनदा उलटी झाली होती आणि जेवले नव्हते. कोपऱ्यात बाबांनी पेन्सिलीने लिहून ठेवलंय, "मिळाले, गुरुवार". सोमवारी पोचले होते मी. म्हणजे तीन दिवस ते काय करत असतील हे मला या शुक्रवारी कळलं.

तुमच्याकडे काय पद्धत होती? आता काय आहे? प्रवास, दवाखाना, बाळंतपण, काहीही चालेल. लिहा.

पिंटूची_आई

वृंदाताई, डोळ्यात पाणी आलं. लेक पोचली ना नीट? थंडी कशी आहे तिथे? मेतकूट दिलंय ना बरोबर?

वृंदा_देवरूखकर

पोचली गं. मेतकूट, कुळथाचं पीठ, दोन्ही दिलं.

नागपुरी_संत्रं

आमच्या बाबाले पोचल्याचा फोन नाई आला तर झोपच लागे नाई. पण घरी फोन कुठं? शेजारी पाटलांकडे. मी पुण्याहून त्यांच्याकडे दोन रिंग द्यायचो आन् ठेवून द्यायचो. दोन म्हणजे पोचलो. तीन म्हणजे पैसे पाठवा. पाटलीणबाई ओट्यावरून ओरडायच्या, "दोन वाजल्या बाप्पा, पोरगं पोचलं!" अख्ख्या गल्लीले माहीत व्हायचं. बूथवाला कटकट करे, कारण फोन उचललाच नाही तर बिल कशाचं लावणार.

शमीम_खाडीकाठ

मी थोडं मोठं लिहिणार आहे, सांभाळून घ्या.

आमच्या रत्नागिरीच्या खाडीकाठच्या गावांतून घरटी एकजण तरी आखातात. अब्बा कुवेतला होते. पत्र लिहिणं त्यांना जमायचं नाही, मग ते कॅसेट भरून पाठवायचे. सुट्टीवर येणाऱ्या कुणाच्या तरी हाती. आम्ही टेपरेकॉर्डरभोवती बसायचो. मधेच ते खोकायचे, मागे कुणीतरी भांडं पाडायचं, आणि मग "शमीम, तू अभ्यास करतेस का?" असं एकदम माझं नाव. मी मान हलवायची. टेपरेकॉर्डरला!

२ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेत घेतलं. फोन बंद, टपाल बंद. आई रोज तीच शेवटची कॅसेट लावायची, इतकी की फीत घासून आवाज जाडा झाला. तीन आठवडे काही म्हणजे काही खबर नाही. मग मुंबईचा शिक्का असलेलं एक पाकीट आलं. कुणी एक गोव्याचे गृहस्थ आधी सुटून आले होते, त्यांनी तिथल्या पंधरा-वीस जणांच्या चिठ्ठ्या खिशात घालून आणल्या आणि मुंबईत उतरल्या उतरल्या स्वतःच्या पैशाने टाकल्या. चिठ्ठी सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या कागदावर. शेजाऱ्याकडून लिहून घेतलेली. "ठीक आहे. अम्मानला जायला निघतोय. घाबरू नका."

त्यानंतर अब्बा बसने वाळवंट ओलांडून अम्मानला आले आणि तिथून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला. ५९ दिवसांत ४८८ विमानफेऱ्या करून लाखाहून जास्त माणसं आणली होती. आमच्यासाठी त्यात एकच माणूस होता. सप्टेंबरात रात्रीच्या एसटीने आले. हातात फक्त पिशवी. तो सिगारेटचा कागद आईने कुराणशरीफच्या गिलाफात ठेवलाय, अजून आहे. त्या गोव्याच्या गृहस्थांचं नाव आम्हाला कधीच कळलं नाही. आई अजून त्यांच्यासाठी दुआ मागते.

अंजूमावशी

शमीम, काटा आला अंगावर. आईंना माझा नमस्कार सांग.

सुहास_डोंबिवली

एसटीडी बूथ कुणाला आठवतोय? रात्री ११ नंतर पाव दर. आम्ही होस्टेलची पोरं पावणेअकरापासून रांगेत. आत एकजण, काचेबाहेर सहाजण, आणि सगळ्यांचे डोळे त्या लाल आकड्यांवर. आईला सांगायचं असायचं बरंच, पण बोलणं ठरलेलं: जेवलास का, खोकला गेला का, परीक्षा कधी, ठेव आता बिल वाढतंय. बिल वाढतंय हे तीच सांगायची.

दिंडी_क्र_विचारू_नका

आमची आजी ७४ वर्षांची, दरवर्षी आळंदी ते पंढरपूर पायी. फोन घेऊन जात नाही, माळ आणि फोन एका हातात नको म्हणते. पण पोचल्याचं कळवते हां. मुक्कामाला जो कुणी जवळ असेल त्याच्या फोनवरून. सासवडला एका पोराचा नंबर, जेजुरीला कुणा बाईंचा, फलटणला चहावाल्याचा. गेल्या आषाढीनंतर बघितलं तर माझ्या फोनमध्ये आजी १ ते आजी १६ असे नंबर सेव्ह केलेले. सोळा अनोळखी माणसांनी तिला फोन दिला होता. लोणंदच्या त्या भाऊंनी तर दुसऱ्या दिवशी मलाच फोन केला, "आजींचा पाय सुजला होता, आता कसा आहे?" मी म्हटलं दादा, ती पुढे तरडगावला गेली, मला कसं माहीत! मग त्यांनीच त्यांच्या ओळखीच्या दिंडीत विचारून सांगितलं, "चालतायत, झकास आहेत."

पिंटूची_आई

आजी १६ 😂😂 नंबर पुसू नका हो ते.

दिंडी_क्र_विचारू_नका

छे, यंदा त्या सगळ्यांना दिवाळीचे मेसेज केलेत.

रेखा_कल्याण

२६ जुलै २००५. मिस्टर कुर्ल्याला ऑफिसात. मोबाइल लागेना. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला हे नंतर पेपरात वाचलं, तेव्हा नुसतं "पाणी भरलंय" एवढंच कळत होतं. मुलगा चार वर्षांचा, वीज गेलेली. रात्री एक वाजता लँडलाइन वाजला. घाटकोपरच्या कुणी बाई. "रेखाताई का? तुमचे मिस्टर आमच्या जिन्यात बसलेत, वरण-भात खाल्लाय, उजाडल्यावर निघतील." मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "ठेवते हं, अजून अकराजणांच्या घरी फोन करायचेत." ठेवला.

ते दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता आले, पायात एकच चप्पल. पुढच्या रविवारी आम्ही पेढे घेऊन ती बिल्डिंग शोधत गेलो. सापडल्या बाई. आता दर गौरीला आमच्याकडे जेवायला असतात.

पोस्टमनची_मुलगी

माझे वडील पोस्टमन होते, सातारा जिल्ह्यात. म्हणजे बाकीच्यांना खबर यायची आणि आम्ही ती पोचवायचो. गावात वाचता येणारे कमी, मग पत्र द्यायचं आणि ओसरीवर बसून वाचूनही दाखवायचं. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली मजकुराची छोटी जागा असायची, त्यात गिरणीतली माणसं कोंबून लिहायची: "पैसे १५०. आईस डोळ्याला दाखवा. गाय विकू नये." वडील पैसे मोजून द्यायचे, पण बाई आधी विचारायची, "ल्हिवलंय काय?"

कोपरा फाडलेलं कार्ड आलं की ते वाटेत कुणाशी बोलायचे नाहीत. ते मरणाचं असायचं. घरी येऊन सायकल लावून आधी पाय धुवायचे मग सांगायचे, आज अमक्याच्या दारात उभं राहवेना. आणि तार! तार म्हटली की बाया आधी रडायला लागायच्या, मग उघडायच्या. एकदा "मुलगा झाला दोघे खुशाल" अशी तार होती तर ती आजी ऐकेचना, छाती बडवतेय. वडिलांनी तिला हाताला धरून बसवलं, चार वेळा वाचलं. १४ जुलै २०१३ ला तार बंद झाली त्या रात्री वडिलांनी टीव्हीवर बातम्या बघितल्या आणि म्हणाले, त्या म्हातारीने मला त्या दिवशी अंड्यांची करंडी दिली होती. एवढंच.

स्मिता_मेलबर्न

आम्ही साडेचार तास पुढे, इथली घड्याळं पुढे केली की साडेपाच. आई दर ऑक्टोबरात चुकते आणि माझी झोपायची वेळ झाली की फोन करते. मी उचलते. ती तब्येतीचं कधी नीट सांगत नाही हीच काळजी. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं ते मला आठ दिवसांनी कळलं, तेही मामेबहिणीकडून. "तू एवढ्या लांब, उगाच कशाला घोर." आता मी शेजारच्या काकूंशी ठरवून घेतलंय, आई काहीही म्हणो, तुम्ही मला खरं सांगायचं. तुमच्यापैकी कुणाचे आईवडील असं लपवतात का?

वृंदा_देवरूखकर

स्मिता, मीसुद्धा कार्डावर "प्रकृती उत्तम" लिहिलं होतं ना. दोन्हीकडून चालतं हे.

अंजूमावशी

सगळे लपवतात. माझी बहीण आयसीयूतून बाहेर आल्यावर पहिलं वाक्य, "धाकटीला सांगितलं नाहीत ना?" धाकटी बाजूलाच उभी. मी!

एकटा_जीव_कोथरूड

आईबाबा गेले, लग्न केलं नाही. कामासाठी महिन्यातून दोनदा फिरती असते. कळवायचं कुणाला, म्हणून सवय सुटली होती. मागच्या महिन्यात पहाटे बॅग घेऊन निघालो तर सोसायटीचे वॉचमनकाका म्हणाले, "साहेब, पावसाचे दिवस आहेत, पोचल्यावर एक मिस्ड कॉल द्या." दिला. त्यांनी उलटा फोन केला, "बरं झालं, मी जागाच होतो." आता प्रत्येक वेळी देतो.

पिंटूची_आई

काकांना आमचा पण नमस्कार. आणि तुम्ही पुढच्या वेळी इथेही लिहा.

मधुरा_आत्ता_दवाखान्यात

सकाळपासून इथेच बसून वाचतेय म्हणून लिहिते. सासूबाई न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलंय. दहा वाजता आत नेलंय, वय ८१. कमरेतून भूल देणार म्हणाले. आत जाताना माझ्या हातात कवळी आणि मंगळसूत्र दिलं आणि म्हणाल्या, "कुकरची शिट्टी बदलायला टाकलीय, आणून ठेव." मिस्टर दुबईत, संध्याकाळच्या विमानाने निघतायत. दर दहा मिनिटांनी मेसेज, "काय झालं?" काय सांगू, दार बंद आहे.

रेखा_कल्याण

मधुरा, काही खाल्लंस का? आधी चहा-बिस्किट घे.

शमीम_खाडीकाठ

होईल नीट. माझ्या खालांचं (मावशीचं) ८३ व्या वर्षी झालं, दुसऱ्याच दिवशी उभं केलं त्यांना. आम्ही सगळे इथे आहोत.

नागपुरी_संत्रं

मधुराताई, मिस्टरांना लिहा "आत आहेत, मी दाराशी आहे". तेवढंही पुरतं लांबच्या माणसाले.

सुहास_डोंबिवली

कोणत्या भागात आहात? रक्त वगैरे लागलं तर सांगा, आमचा ग्रुप आहे.

मधुरा_आत्ता_दवाखान्यात

पुण्यात. एक बाटली दिलीय दिराने. थँक्यू दादा. नागपुरी दादांचं वाक्य जसंच्या तसं पाठवलं, पाऊण तासात एकही मेसेज नाही आला त्यांचा.

स्मिता_मेलबर्न

वृंदाताई, कुळथाच्या पिठाला इथे कस्टमवाले विचारतात का कुणाला माहितीये? आईला सांगायचंय.

अंजूमावशी

फॉर्मवर खाण्याच्या वस्तूंना हो लिहायचं आणि विचारलं की दाखवायचं. माझ्या भाच्याने तसंच केलं, मसाल्याच्या पुड्या सोडल्या. लपवायचं मात्र नाही, मोठा दंड असतो तिकडे.

वृंदा_देवरूखकर

लेकीला काल त्या कार्डाचा फोटो पाठवला. आज तिने वहीच्या पानावर पेनाने लिहून फोटो पाठवलाय: "तीर्थरूप आईस सा. न. वि. वि. मी आज ४ वाजता लायब्ररीतून खोलीवर सुखरूप पोचले. प्रकृती: नाक गळतंय. जेवण: पिठलं करपलं." खरं खरं लिहिलंय पोरीने.

मधुरा, काय गं?

मधुरा_आत्ता_दवाखान्यात

आत्ताच बाहेर आणलं. शुद्धीवर आहेत. डॉक्टर म्हणाले सगळं व्यवस्थित बसलंय. मला बघून पहिलं विचारलं, "शिट्टी आणलीस?" मिस्टरांना कळवते आधी, मग लिहिते.