ओ.एस.ए. तळ्यातले ट्राउट गेले कुठे?

वाशिष्ठीकाठची: नमस्कार मंडळी. दोन वर्षांपूर्वी चिपळूणहून कॅनडात सडबरीला आले. शनिवारी जवळच्या किलार्नी उद्यानातल्या ओ.एस.ए. नावाच्या तळ्यावर गेलो होतो. पांढऱ्या डोंगरांमधलं निळंशार पाणी, खोलवरचे दगडही स्पष्ट दिसतात. तासभर काठावर बसले, पण एक मासा हलताना दिसला नाही. वाशिष्ठीत पाय सोडले तरी पिल्लं टोचायला येतात! या तळ्याचं जुनं नाव ट्राउट लेक होतं म्हणे. मग ट्राउट गेले कुठे?

गळकरी: ताई, सडबरीच्या निकेल भट्ट्यांतला गंधकाचा धूर आम्ल होऊन पाऊस आणि बर्फातून तिथे उतरला. ते डोंगर क्वार्ट्झाइट या कठीण दगडाचे. आपल्या काळ्या रानात चुनखडी असते, तसं आम्ल मारणारं तिथे जवळजवळ काहीच नाही. कुजलेल्या पानांचा चहासारखा रंगही आम्लामुळे जातो, म्हणून पाणी इतकं नितळ.

मत्स्य_शिक्षक: यात एक भर घालतो. मासे मरून तरंगले, असं सहसा घडत नाही. सडबरीच्याच ऑन्टारियो प्रांतात, २२३ क्रमांकाच्या तळ्यात शास्त्रज्ञ डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी प्रयोग म्हणून १९७६ पासून मुद्दाम सल्फ्युरिक आम्ल सोडलं. ८ वर्षांत सामू (pH, जितका कमी तितकं पाणी जास्त आम्ल) ६.८ वरून ५ वर आणला. सामू ५.८ च्या आसपास असतानाच ट्राउटचं खाणं, म्हणजे बारीक कोळंबीसारखे जीव आणि छोटे मासे, संपायला लागलं. ५.४ च्या खाली माशांची नवी पिढीच येईना. मोठे ट्राउट जिवंत होते, पण हडकलेले. निसर्गात त्यात मातीतून सुटलेल्या ॲल्युमिनियमची भर पडते, ते कल्ल्यांवर बसतं. लेक ट्राउट अंडी घालतो ऑक्टोबरच्या सुमारास. पिल्लं बाहेर येतात वसंतात, नेमकं हिवाळाभर साठलेलं आम्ल वितळत्या बर्फाबरोबर तळ्यात उतरतं तेव्हा.

वाशिष्ठीकाठची: सर, अंगावर काटा आला. शेजारचे आजोबा सांगतात, शेवटी-शेवटी त्यांच्या तळ्यात गळाला फक्त मोठेच मासे लागायचे. त्यांना वाटायचं, तळं भरात आहे! पिल्लं कधीच दिसायची नाहीत, हे त्यांना आत्ता आठवतं. आता परत मासे सोडले तर जगतील?

मत्स्य_शिक्षक: आजोबांनी नेमकं तेच पाहिलं. सडबरीचा गंधकाचा धूर १९७० च्या तुलनेत ९० टक्क्यांहून जास्त घटलाय, बऱ्याच तळ्यांचा सामू वर येतोय. २२३ मध्येही १९८४ पासून आम्ल कमी केल्यावर ट्राउटच्या अंगावर मांस चढलं. पण आधी सामू ६ च्या जवळ यायला हवा, बारीक जीव परतायला हवेत. त्याआधी सोडलेले मासे उपाशी राहतील. आजोबांना विचारा, उथळ पाण्यात हल्ली बोटभर मासे दिसतात का?