मदत हवी आहे: नागपुरात महाल-इतवारी हा जुन्या शहराचा भाग पायी बघायचा आहे, हॉटेल नेमकं कुठे घ्यावं?

गोदाकाठ
नाशिकहून आम्ही चौघं येणार आहोत. आई ७४ वर्षांची आहे. सपाटीवर ती अर्धा तास चालते, पण पायऱ्यांना तिचे गुडघे कुरकुरतात. वहिनींचा पासपोर्ट कॅनडाचा, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) आहे. विदर्भ एक्स्प्रेसने सकाळी पोचायचं, तीन रात्री राहायचं आणि चौथ्या संध्याकाळी त्याच गाडीने परत. डिसेंबरचा दुसरा आठवडा मनात आहे. दोन खोल्या, एका खोलीला रात्रीचे ३,००० रुपयांपर्यंत.

भोसल्यांचा वाडा, गांधी गेट, शुक्रवारी तलाव, सराफा, चितार ओळी असं सगळं जुनं शहर पायी बघायचं आहे, म्हणून हॉटेल त्याच भागात हवं. तीन ठिकाणं निवडली आहेत: (१) इतवारीतल्या गल्लीतलं लॉज, अ‍ॅपवर 'महालपासून ८०० मीटर', (२) सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवर अग्रसेन चौकाजवळ, (३) सीताबर्डी. जाणकारांनी सांगावं.

बर्डीचा_टांगा
ताई, आधी तारीख बदला, हॉटेलचं मग बघू. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं. १९५३ च्या नागपूर करारात ठरल्याप्रमाणे वर्षातलं एक अधिवेशन इथे होतं. आमदार निवास पुरत नाही. अधिकारी, कार्यकर्ते, पत्रकार, मोर्चेवाले सगळे येतात आणि बर्डी, रामदासपेठ, धंतोली, स्टेशन परिसर भरून जातो. ३,००० ची खोली त्या दिवसांत ३,००० ला मिळणं कठीण. वर मोर्च्यांमुळे बर्डीकडचे रस्ते दुपारी बंद, ऑटोवाला फिरवून नेईल आणि तसेच पैसे घेईल.

२६ जानेवारीला जोडून या. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, सामान्य लोकांना २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टलाच आत सोडतात. १८१७ च्या नोव्हेंबरात आप्पासाहेब भोसल्यांची इंग्रजांशी लढाई झाली ती याच टेकड्यांवर. जुनं नागपूर बघायला येऊन राहिले तर ते सोडू नका. मे महिन्याचं मात्र नाव काढू नका, पारा ४५ च्या घरात असतो.

चितारओळी_५
तारखेचं बरोबर सांगितलं. आता जागेचं.

महालात 'हॉटेल' म्हणावं असं फार काही नाही. धर्मशाळा, मंगल कार्यालयाच्या खोल्या आणि काही लॉज आहेत. वस्ती दाट, वाडे पाडून त्यावर दुकानं झाली, हॉटेलं मात्र स्टेशन आणि रुंद रस्त्यांच्या आधाराने वाढली. त्यामुळे अ‍ॅपवर 'महाल' म्हणून जे दिसतं ते बरेचदा ग्रेट नाग रोड, अशोक चौक किंवा गणेशपेठचं असतं. 'इतवारी'चा घोळ याहून मोठा. इतवारी बाजार एकीकडे आणि इतवारी रेल्वे स्टेशन वेगळीकडे. स्टेशनजवळचं लॉज इतवारीचं म्हणून दाखवतात आणि तिथून सराफा गाठायला ऑटो करावा लागतो. नकाशावर हॉटेलचं नाव टाकू नका. इतवारीतला शहीद चौक आणि महालातला बडकस चौक टाका आणि तिथून हॉटेलपर्यंत चालण्याचा रस्ता काढा. ८०० मीटर म्हणजे हवेतून मोजलेले असतील.

तुमचा पर्याय १ आईंसाठी बाद. किराणा ओळी, भांडे ओळी, सराफा हा सगळा घाऊक बाजार. मोठ्या मालवाहू गाड्यांना दिवसा मनाई असते, म्हणून माल रात्री उशिरा आणि पहाटे उतरतो. ताडपत्री सोडणं, हमालांच्या हाका, रिव्हर्सचा पीं-पीं आवाज. खोली पहिल्या मजल्यावर असेल तर खिडकीखालीच सगळं. बरं, गल्लीत ऑटो शेवटपर्यंत जात नाही, बॅगा ओढत जावं लागतं. दिवसा ही ओळ बघायला अगदी बहारदार आहे, झोपायला नाही.

गोदाकाठ
तारीख २४ ते २७ जानेवारी करते. मग २ की ३?

चितारओळी_५
२. कारण मेट्रोची अ‍ॅक्वा मार्गिका. लोकमान्य नगर ते प्रजापती नगर अशी ती जाते आणि सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवर डोक्यावरून धावते. सीताबर्डी, कॉटन मार्केट, नागपूर रेल्वे स्टेशन, दोसर वैश्य चौक, अग्रसेन चौक, चितार ओळी चौक या क्रमाने स्टेशनं येतात. महालाला सगळ्यात सोयीचं चितार ओळी चौक: उतरून दक्षिणेला बडकस चौकाकडे निघालं की पायी दहा-पंधरा मिनिटं, आणि उत्तरेला वळलं की इतवारी. प्रत्येक स्टेशनला लिफ्ट आहे. आईंना एकच फेरी चालवा आणि परत मेट्रोने न्या. जुन्या शहरात दोन्ही फेऱ्या पायी करायचा हट्ट धरला की दुसऱ्या दिवशी गुडघे संप करतात.

दोसर वैश्य ते अग्रसेन चौक या पट्ट्यात घ्या. अ‍ॅव्हेन्यूच्या तोंडावरची खोली नको. मेट्रोचा आवाज फारसा नाही आणि रात्री ती बंदच असते. त्रास खालच्या हॉर्नचा. मागची खोली मागा, पण मागे जनरेटर आणि स्वयंपाकघराचा धुराचा पंखा नाही ना हे विचारूनच. नाहीतर हॉर्न सुटला आणि फोडणी गळ्यात पडली.

बर्डीचा_टांगा
माझं मत ३ ला. बर्डीला मेट्रोच्या अ‍ॅक्वा आणि ऑरेंज या दोन्ही मार्गिका मिळतात, संध्याकाळी खाण्यापिण्याची सोय, आणि अजब बंगला (जुनं संग्रहालय), झिरो माईल ऑरेंज मार्गिकेने एका-दोन स्टेशनांवर. पण मुख्य हेतू महालच असेल तर २ चुकीचं नाही. एवढंच करा की बर्डी घेतलीत तर मेन रोडवरची नको. रविवारी संध्याकाळी तिथे पाय ठेवायला जागा नसते.

नागनदी
वहिनींच्या पासपोर्टकडे कोणी लक्षच दिलं नाही, आणि रात्री दहाला काउंटरवर अडवणारी गोष्ट तीच आहे. परदेशी पासपोर्टच्या पाहुण्याची माहिती हॉटेलला २४ तासांत ऑनलाइन कळवावी लागते, ज्याला सगळे 'सी फॉर्म' म्हणतात. त्यासाठी हॉटेलची आधी नोंदणी लागते. लहान लॉजवाल्यांनी ती केलेली नसते, म्हणून ते सरळ 'रूम नाही' म्हणतात, अ‍ॅपवर पैसे भरलेले असले तरी. ओसीआय कार्ड दाखवून वाद घालून उपयोग नाही. बुकिंगच्या आधी फोन करून हेच शब्द वापरा: "एक पाहुणे परदेशी पासपोर्टचे आहेत, सी फॉर्म भरता का?" हो म्हणाले तर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. पासपोर्ट आणि ओसीआय, दोन्हींची मूळ प्रत जवळ हवी. बाकीच्यांनी आधारची मास्क केलेली (पहिले आकडे झाकलेली) प्रत द्यावी.

फोनवर आणखी विचारायचं:

लिफ्ट जमिनीपासून आहे की सात-आठ पायऱ्या चढून? अ‍ॅव्हेन्यूवर खाली दुकानं आणि वर हॉटेल असा प्रकार बराच आहे. रिसेप्शन पहिल्या मजल्यावर आणि लिफ्ट तिथूनच पुढे. 'लिफ्ट आहे' हे उत्तर खरं असतं आणि तुमच्या कामाचं नसतं.

गरम पाणी कसं? काही ठिकाणी सकाळी ठरावीक वेळेतच येतं. खोलीत गीझर असेल तर किती लिटरचा ते विचारा. ३ लिटरचा झटपट गीझर जानेवारीच्या पाण्याला पुरत नाही, बादली भरता भरता धार कोमट होते. १५ लिटरचा बरा. नागपूरची थंडी हलक्यात घेऊ नका, रात्री पारा दहाच्याही खाली जातो आणि खोल्यांना हीटर नसतो. जास्तीचं ब्लँकेट आधीच सांगून ठेवा.

बाथरूमचा उंबरठा किती उंच, कमोड आहे ना, आणि धरायला दांडा? फोटो मागवा. फोटोत फक्त पलंग आणि टॉवेलचा हंस पाठवला तर बाथरूम दाखवण्यासारखं नाही असं समजा.

जानेवारीत एसीचे पैसे मोजू नका. नॉन-एसी खोलीची खिडकी उघडते, एसीची बरेचदा बंदच करून टाकलेली असते.

गोदाकाठ
गाडी नऊच्या सुमारास पोचते. खोली १२ ला मिळते म्हणतात. आईला तीन तास कुठे बसवू?

नागनदी
स्टेशनजवळच्या बऱ्याच हॉटेलांत '२४ तास चेकआउट' असतं. तुम्ही साडेनऊला आलात की दिवस तिथून सुरू. २४ ला खोली लगेच मिळेल, पण २७ ला साडेनऊलाच सोडावी लागेल, आणि तुमची गाडी संध्याकाळी पाचनंतरची. १२ ते १२ वाल्या ठिकाणी उलट: सकाळी थांबा, शेवटच्या दिवशी थोडा वेळ जास्त. रात्रभर प्रवास करून आलेल्या आईंसाठी पहिली खोली महत्त्वाची, म्हणून २४ तासवालं घ्या आणि २७ ला एकच खोली अर्ध्या दिवसाने वाढवा. भाव आत्ताच ठरवा, त्या दिवशी काउंटरवर पूर्ण दिवसाचे सांगतात.

जीएसटी धरूनच हिशोब करा. रात्रीला ७,५०० पर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के आहे. म्हणजे २,४०० ची खोली २,५२०. कोणी अजून १२ टक्के लावत असेल तर बिल मागा. जादा गादीचे पैसे वेगळे असतात.

चितारओळी_५
स्टेशनातून पूर्वेच्या, संत्रा मार्केटकडच्या दाराने बाहेर पडा. पश्चिमेच्या मुख्य इमारतीतून निघालात तर रूळ ओलांडायला मोठा वळसा. मेट्रोचं स्टेशनही पूर्वेलाच आहे. ऑटोत बसण्याआधी भाव ठरवा, मीटरची आशा धरू नका.

आता चालण्याची वेळ. महालात फूटपाथ दुकानांच्या मालाखाली गेलेले आहेत, आणि दुकानं उघडली की दुचाक्या अंगावर येतात. म्हणून सकाळी सात ते साडेनऊ. शुक्रवारी तलावापासून, म्हणजे गांधीसागरापासून, सुरू करा. तिथून गांधी गेट, याचं जुनं नाव जुम्मा दरवाजा. मग टिळक पुतळा आणि कोतवालीकडून भोसल्यांचा वाडा. वाडा खासगी निवास आहे, आत जाता येईल असं धरून चालू नका. पुढे बडकस चौक. आईंना दमवायचं नसेल तर तिथेच तर्री पोहे खाऊन ई-रिक्षाने परत. सराफा मात्र सकाळी बघायला जाऊ नका, शटर बंद असतात, अकरानंतर जा. रविवारी घाऊक ओळी बहुतेक बंदच. २४ किंवा २५ ला रविवार येतो का ते बघून इतवारीचा दिवस ठरवा.

वाटेत चितार ओळीत डोकावा. गणपतीच्या आधीचे दोन महिने तिथली गंमत वेगळी, पण मूर्तिकारांची घरं आणि कोठ्या तशाही बघण्यासारख्या.

बर्डीचा_टांगा
एक राहिलं. लग्नं. पौषात मराठी घरांत लग्न नसतं, पण हिंदी भाषक घरांत संक्रांत झाली की मुहूर्त सुरू होतात, आणि अ‍ॅव्हेन्यूवर त्यांचीच वस्ती जास्त. हॉटेलला खाली हॉल किंवा लॉन असेल तर तुमच्या तारखांना बुकिंग आहे का विचारा. आहे म्हणाले तर दुसरं बघा, राजेहो, बँड आणि डीजेपुढे मागची खोली काही करू शकत नाही.

गोदाकाठ
दोसर वैश्य चौकाजवळच्या एकाने सी फॉर्मला हो म्हटलं, लिफ्ट रस्त्याच्या पातळीपासून, गीझर १५ लिटर, हॉल नाही. मागच्या बाजूला जनरेटर आहे, पण खोली चौथ्या मजल्यावर. चालेल?

नागनदी
चालेल. फक्त चौथा हाच शेवटचा मजला नाही ना हे विचारा. वर गच्ची असेल तर पाण्याची टाकी आणि लिफ्टची मोटार बरोबर डोक्यावर येते, आणि पहाटे पंप चालू झाला की भिंत घुमते. शेवटचा असेल तर तिसऱ्यावर मागा.