मदत हवी आहे : नॉर्थ विल्क्सबरोची शर्यत आणि आसपासचा परिसर

नमस्कार मंडळी. आम्ही अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लटला राहतो. बाबा भारतातून आलेत. एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलं त्यांचं, त्यामुळे त्यांना स्टॉक कारची (नेहमीच्या मोटारींसारख्या दिसणाऱ्या रेसिंग गाड्यांची) शर्यत दाखवायचीच आहे. शार्लटचा मोठा ट्रॅक घराजवळ आहे, पण मला त्यांना नॉर्थ विल्क्सबरोलाच न्यायचंय. १९४७ चा हा ट्रॅक जेमतेम पाऊण मैलाच्या आतला. एका बाजूची सरळ धाव उताराची, समोरची चढाची. १९९६ नंतर नॅस्कारची (स्टॉक कार शर्यती भरवणाऱ्या अमेरिकी संस्थेची) मुख्य मालिका इथून गेली, ट्रॅक ओस पडला आणि २०२३ मध्ये निवडक विजेत्यांच्या ऑल-स्टार शर्यतीने पुन्हा गजबजला. पूर्वी याच डोंगरांतून चोरटी दारू नेताना पोलिसांना हुलकावणी देण्यासाठी पोरं गाड्यांच्या इंजिनांची ताकद घरीच वाढवायची. पुढे नॅस्कारचा नामांकित ड्रायव्हर झालेला ज्युनियर जॉन्सन त्यातलाच, याच विल्क्स काउंटीचा. बाबांना हे सांगितल्यापासून ते रोज विचारतात, कधी जायचं?

आता प्रश्न. बाबांचे गुडघे दुखतात, तर कमी पायऱ्या चढून पूर्ण ट्रॅक दिसेल अशी जागा कोणती? आवाजासाठी कानातले बोळे पुरतात की वरून हेडफोनसारखं कानझाकणंही घ्यावं? आई शुद्ध शाकाहारी आहे. डबा आत नेऊ देतात का? दुसऱ्या दिवशी स्टोन माउंटन पार्क आणि ब्लू रिज पार्कवे करायचाय, मग मुक्काम विल्क्सबरोत बरा की बूनला? शर्यतीच्या दिवशी गाडी बाहेर काढायला किती वेळ लागतो, हेही कुणी गेलं असेल तर नक्की सांगा.