पेनड्राइव्हवरून ड्रायव्हर घातला की ड्राइव्ह दिसेल: हे मराठीत कसं सांगायचं?

मामा_पनवेल
भाच्याने पहिल्यांदाच स्वतः कॉम्प्युटर जोडला. तो कोपरगावला, मी पनवेलला, फोन स्पीकरवर. प्रोसेसर बसला, पंखे फिरले, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणारा मशीनचा सेटिंगचा पडदा) १ टीबीची एनव्हीएमई, म्हणजे बोर्डावर थेट बसणारी ड्राइव्ह, नावासकट दिसली, पण विंडोज ११ टाकायला गेलो तर 'कुठे टाकायचं' त्याची यादी रिकामी. मी म्हटलं, "ड्राइव्ह दिसत नाही ना, मग ड्रायव्हर लोड कर." तो म्हणाला, "मामा, ड्रायव्हरच तर दिसत नाहीये." असं आमचं वीस मिनिटं चाललं, आणि तेवढ्यात ताई आतून स्क्रू ड्रायव्हर घेऊन आली, कारण तिने ऐकलं की पोराला ड्रायव्हर सापडत नाहीये.

कारण साधं होतं. इंटेलच्या प्रोसेसरच्या ११व्या पिढीपासून पुढे बऱ्याच मशीनवर बायोसमध्ये व्हीएमडी नावाची, ड्राइव्ह सांभाळणारी सोय चालू असते, ती चालू असली की डिस्क तिच्या आड जाते आणि विंडोजच्या इन्स्टॉलरला दिसत नाही. मग इंटेलचा आरएसटी नावाचा ड्रायव्हर (विंडोजला त्या भागाशी बोलता यावं म्हणून लागणारा छोटा प्रोग्राम) दुसऱ्या मशीनवर उतरवून पेनड्राइव्हवर न्यायचा, 'लोड ड्रायव्हर'वर जाऊन तो दाखवायचा, की लगेच डिस्क यादीत येते. आता हे त्याच्यासाठी आणि त्याच्या दोन मित्रांसाठी मराठीत दोन पानांत लिहून ठेवतोय. ड्रायव्हरला मी 'चालक' लिहिलं. ताई शाळेत मराठी शिकवते, ती म्हणाली चालक गाडीचा असतो, या डब्याच्या आत कोण बसलंय? मला उत्तर देता आलं नाही. तर फोनवर ऐकताना एकमेकांत मिसळणार नाहीत असे दोन शब्द सुचवा, एक ड्राइव्हला आणि एक ड्रायव्हरला.

तपकीरगल्ली
दादा, अर्धा प्रश्न तर मिटलेलाच आहे. मराठीत ड्राइव्ह कोण म्हणतं? दुकानात बावीस वर्षं झाली मला, गिऱ्हाईक हार्डडिस्कच म्हणतं, मग ती चिपवाली एसएसडी असो नाहीतर काही असो. "डिस्क दिसत नाही, ड्रायव्हर टाक." झालं. आणि 'घालणे', 'भरणे' नको, टाकणेच लिहा. विंडोज टाकतात, रॅम टाकतात, ड्रायव्हर टाकतात.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते 'दिसत नाही'चं. बायोसमध्ये दिसत नाही हे वेगळं दुखणं, तिथे केबल बघायची, ती दुसऱ्या पोर्टमध्ये लावायची. काही बोर्डांवर एम डॉट टू (एनव्हीएमई बसते ती खाच) भरली की एखाद-दोन साटा पोर्ट (डिस्कची केबल लावायच्या जागा) बंद होतात, तेही बोर्डाच्या पुस्तकात बघायचं. बायोसमध्ये दिसते पण इन्स्टॉलरमध्ये नाही, हे तुमचं ड्रायव्हरचं दुखणं. आणि विंडोज चालू आहे, दुसरी नवीन डिस्क लावली आणि ती 'धिस पीसी'मध्ये नाही, तर बहुतेक वेळा ती नुसती कोरी असते, डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन इनिशियलाइज म्हणजे वापरायला तयार करायची, २ टीबीच्या वरची असेल तर विभागणीची जीपीटी पद्धतच घ्यायची, जुनी एमबीआर घेतली तर वरची जागा वाया. गिऱ्हाईक या तिन्हीला "हार्डडिस्क उडाली" म्हणतं आणि घाबरून येतं. या तीन 'दिसत नाही'ला तीन वेगळे शब्द मिळाले तर माझा रोजचा अर्धा तास वाचेल.

मुचकुंद
एसएसडीला डिस्क म्हणणं चूकच आहे, आत तबकडी कुठे आहे? १९५६ साली आयबीएमने जे पहिलं यंत्र आणलं त्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या फिरत होत्या आणि सगळ्या मिळून ५० लाख अक्षरं मावायची. तेव्हा डिस्क हे नाव खरं होतं, फिरवणारी यंत्रणा म्हणून ड्राइव्हही खरं होतं. आज काहीच फिरत नाही. इंग्रजीने जुनं नाव ओढत नेलं म्हणून आपणही न्यायचं? 'साठा' म्हणा. साठा दिसत नाही. चार वर्षांच्या पोरालाही कळेल.

ड्रायव्हरला माझा शब्द 'यंता'. अमरकोशात सारथ्याच्या नावांत सूत, सारथी यांच्याबरोबर यंता आहे. यम् म्हणजे आवरणे, ताब्यात ठेवणे, यंत्र त्याच धातूचं. आपण रोज अभियंता म्हणतो त्यात तो बसलेलाच आहे. यंत्राला यंता, यापेक्षा नेमकं काय हवं?

रेवा_इंदूर
चालक नकोच. माझं शिक्षण इंदूरला हिंदी माध्यमात झालं, घरी मराठी. आमच्या विज्ञानाच्या पुस्तकात चालक म्हणजे ज्यातून वीज वाहते तो, तांबं सुचालक आणि लाकूड कुचालक. लग्न होऊन पुण्याला आले तर इथे मुलाच्या पुस्तकात त्यालाच सुवाहक-दुर्वाहक. आणि वाहक म्हणजे तर एसटीतला तिकिटं देणारा. मला महिनाभर मुलाचा अभ्यास घेताना आधी मनात भाषांतर करावं लागायचं. मामांच्या चिठ्ठीत 'चालक टाका' वाचलं तर मी तांब्याची तार शोधेन.

तपकीरगल्ली
यंता टाका असं गिऱ्हाइकाला सांगितलं तर तो दुसऱ्या दुकानात जाईल, मुचकुंदराव. एसटीवर इतकी वर्षं चालक-वाहक रंगवलेलं आहे, पण गाडी सुटायला उशीर झाला की माणूस "ओ डायवरदादा" अशीच हाक मारतो.

मळसूत्र
आधी ड्रायव्हर करतो काय ते बघू, मग नाव ठेवू. विंडोज नुसतं म्हणते, अमुक जागेवरचं वाचून दे. समोरच्या कंट्रोलरला (डिस्क चालवणाऱ्या चिपला) ते कळत नाही, त्याच्या खुणा वेगळ्या, कंपनीगणिक वेगळ्या. ड्रायव्हर ते बोलणं त्या खुणांमध्ये करून देतो आणि काम करून घेतो. म्हणून माझ्या मते हा माहूत आहे. हत्ती कितीही मोठा असला तरी पायाच्या अंगठ्याने कानामागे कुठे दाबलं की तो वळतो ते त्याच्या माहुताला ठाऊक. दुसऱ्या हत्तीचा माहूत आणून बसवला तर हत्ती जागचा हलत नाही, आणि चुकीचा ड्रायव्हर टाकल्यावर अगदी तेच होतं.

मला हे पहिल्यांदा कळलं विंडोज एक्सपीच्या काळात. साटा डिस्क लावली, सीडी टाकली, निळा पडदा आला आणि डिस्कच नाही म्हणाला. त्या निळ्या पडद्यावर सुरुवातीला खाली दोन-चार सेकंद एक ओळ यायची, एफ६ दाबा, आणि ड्रायव्हर द्यायचा तर फ्लॉपीवरच. घरात फ्लॉपी ड्राइव्ह उरली नव्हती. शेजारच्या काकांकडून काढून आणली, चपटी केबल उलटी लागली, दिवा विझेना, मग फिरवून लावली. त्या फ्लॉपीवरून ड्रायव्हर वाचतानाचा खर्र-खर्र आवाज अजून कानात आहे. डिस्क दिसली तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते.

मामा_पनवेल
मळसूत्रदादा, माहूत मला फार आवडला! भाच्याला एकदा सांगितलं की डोक्यात बसेल. मी दुभाष्याचाही विचार केला होता, पण दुभाष्या फक्त बोलणं पोचवतो, काम करून घेत नाही.

मुचकुंद
शब्द चांगला आहे पण माहूत फारसी ना? यंता सोडून तिकडे कशाला जायचं?

आजोळ_चिपळूण
नाही हो, माहूत संस्कृतातूनच आलाय, महामात्र, त्यावरून हिंदीत महावत. उलट तुमची तबकडी बघा, ती 'तबक'ची, तबक अरबी. मघाशी किती सहज लिहून गेलात! आणि त्यात काही बिघडलं नाही, कारण ती आता आपलीच आहे. मला तर हार्डडिस्कला सुचवतात त्या 'दृढ चकती'पेक्षा तबकडी कितीतरी बरी वाटते, चकती म्हटलं की काकडीची आठवते.

पण खरं सांगू का, आमच्याकडे डिस्क नाही आणि ड्राइव्हही नाही, 'हार्डडिक्स' म्हणतात. नुकसानचं नुस्कान झालं, डेस्कचं डेक्स झालं, तसंच हे. क आणि स शेजारी आले की जीभ ते उलटं करून घेते, याला व्याकरणात वर्णविपर्यय म्हणतात. माझ्या मते मराठी तोंडाने पचवलेला तोच एक शब्द आहे आणि मामांनी बेधडक डिक्स लिहावं.

तपकीरगल्ली
डिक्स रोज ऐकतो. अनेकवचनही होतं, "दोन डिक्सा घेऊन आलोय".

मुचकुंद
चुकीच्या उच्चाराला चूक म्हणायचंच नाही का मग? नुस्कान बोलतात म्हणून वर्तमानपत्रात नुस्कान छापत नाहीत. सगळ्यांनी असंच म्हटलं असतं तर संगणक हा शब्द रुजलाच नसता. तो कुणीतरी हट्टाने लिहिला, पाठ्यपुस्तकात घातला, आणि आज खेड्यातल्या शाळेतही संगणक कक्ष अशी पाटी आहे. हट्ट केल्याशिवाय शब्द रुजत नाही, हे मी मनापासून सांगतोय. आपल्या मुलांना आपल्या भाषेत यंत्र उघडता यायला हवं.

आजोळ_चिपळूण
पाटी आहे, पण त्या पाटीखालून आत जाताना पोरं "कॉम्प्युटरचा तास आहे" म्हणतात. दोन्ही असू देत की. लिहायला एक, बोलायला एक, असं आपण कायमच करत आलोय.

रेवा_इंदूर
इथेच तर अडचण आहे ना ताई, मामांना फोनवर *बोलायचं* आहे. आणि मळसूत्रदादांना एक शंका, व्हीएमडीच्या वेळी माहूत डिस्कचा नसतोच ना? एनव्हीएमईचा ड्रायव्हर विंडोजकडे आधीपासून असतो. जो टाकतो तो व्हीएमडीच्या कंट्रोलरचा. म्हणजे हत्ती वेगळा, आणि त्याच्या मागे उभा दुसरा हत्ती वेगळा.

मळसूत्र
बरोबर पकडलंत. हत्ती दारात आडवा उभा आहे म्हणून मागचा दिसत नाही, असं म्हणू.

मामा_पनवेल
काल लिहून पूर्ण केलं. डिस्क लिहिलं, ड्रायव्हरला पहिल्यांदा 'ड्रायव्हर (माहूत)' आणि मग सगळीकडे माहूत. दोन गोष्टी मोठ्या अक्षरात घातल्या, कुणाला उपयोगी पडतील म्हणून इथेही लिहितो. एक, उतरवलेली एक्सई फाइल तशीच पेनड्राइव्हवर टाकून भागत नाही, आधी ती उलगडून आतलं आयएनएफ फाइल (ड्रायव्हर कसा टाकायचा ते इन्स्टॉलरला सांगणारी) असलेलं फोल्डर घ्यायचं, नाहीतर इन्स्टॉलरला काही सापडत नाही. दोन, व्हीएमडी बायोसमधून बंद करूनही डिस्क दिसते, पण हे विंडोज टाकायच्या आधी ठरवायचं. चालू असताना विंडोज टाकली आणि मागाहून बंद केली, तर मशीन निळ्या पडद्यावर जातं.

ताईने वाचलं. माहूत चालेल म्हणाली, पण 'उलगडून'खाली रेघ मारून ठेवलीय आणि विचारतेय की फाइल उलगडतात, सोडवतात की फोडतात?

तपकीरगल्ली
एक्स्ट्रॅक्ट मारतात.

मुचकुंद
उकलतात. गाठोडं उकलतात तसं.

आजोळ_चिपळूण
आमच्याकडे गाठोडं सोडतात हो, उकलते ती शिवण.