इटाचीचा झगा, विरघळलेला हातोडा : कॉस्प्लेचे तुमचे अनुभव

कॉस्प्ले म्हणजे आवडत्या पात्राचा वेष करून मिरवणं. लेकीला कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिक्सवेड्यांच्या मेळ्याला, 'नारुतो' या जपानी अ‍ॅनिमेतला (कार्टून मालिकेतला) इटाची व्हायचं होतं. तयार झगा ऑनलाइन मिळत होता, पण कापड छत्रीसारखं चकाकणारं. मग मंगळदास मार्केटातून काळं कॉटन आणलं, आतून लाल अस्तर लावलं. अस्तर कुणाला दिसणार, म्हटलं, तर म्हणे, "इटाचीला माहीत असतं ना!"

लाल ढग आधी सॅटिनचे कापले, कडा उसवल्या. शेवटी फेल्टचे केले आणि एकेका ढगाला पांढरी किनार हाताने टाचली. खरा छळ कॉलरने मांडला. ती हनुवटीपर्यंत ताठ हवी. आमची बकरमचे दोन थर घालूनही मान टाकायची. आत्यांनी मशीनवरून वर न बघता सांगितलं, "शर्टाचं नको, पँटच्या पट्ट्याचं बकरम घाल." आत्यांनी जन्मात अ‍ॅनिमे पाहिलेला नाही. कॉलर अजून उभी आहे.

तुम्ही कोण झालात, कसं बनवलंत? फसलेलंही लिहा, ते जास्त कामाचं.

*

फसलेलंच लिहितो. थॉरचा हातोडा. थर्माकोल कापला, घासला, गच्चीवर नेऊन चंदेरी स्प्रे मारला. डोळ्यांदेखत अनारशासारखी जाळी पडली! स्प्रेमधल्या द्रावकात थर्माकोल विरघळतो. बाबा मागे उभे. थर्माकोलवर बंदी येईपर्यंत ते दरवर्षी गणपतीचं मखर करायचे.

"आधी फेविकॉलचे दोन हात द्यायचे, वाळू द्यायचं, मग रंग."
"मग आधी का नाही सांगितलंत?"
"तू विचारलंस कुठे?"

दुसरा हातोडा जुन्या योगा मॅटचा. फेविबाँड दोन्ही बाजूंना लावून थांबायचं, बोटाला चिकटेनासं झालं की दाबायचं. एकदा टेकलं की सरकत नाही. माझा हातोडा त्यामुळेच जरा तिरका आहे, लढाईत वगैरे वाकलेला नाही.

*

आमचा खर्च शून्य. चौथीतल्या मुलाला शाळेत फास्टर फेणे केलं : विस्कटलेले केस, शेजारच्यांची सायकल आणि आठवडाभर घरात 'ट्टॉक'. वर्गातल्या एकानेही ओळखलं नाही. परीक्षक आजी मात्र खुर्चीतून पुढे वाकून म्हणाल्या, "फुरसुंगीचा ना रे तू?" बक्षीस स्पायडरमॅनला गेलं.

*

जपानमधल्या नागोयाहून लिहितेय. २००३ साली सुरू झालेली वर्ल्ड कॉस्प्ले समिट इथलीच; ओसूच्या बाजारपेठेतून मिरवणूक निघते. इथे घरूनच वेष चढवून ट्रेनने येणं बरं दिसत नाही, तिथे पोचल्यावर कपडे बदलायचे. माझी सेलर मूनची (तीही अ‍ॅनिमेतलीच) मोठी बो त्यामुळे बॅगेत चेपून यायची. आता ती वेगळी शिवते, प्रेस बटणांवर. शिस्त म्हणून ठीक, पण भाऊ मुंबईत पाठीला पंख लावून लोकलने गेला होता, डब्यातल्यांनी खिडकी दिली. पंखांनाच दिली खरं तर. ती मजा इथे नाही.

*

हातोडावाले दादा, माझ्या फोमच्या चिलखताचा रंग कोपराशी तडकतो. काय करू?

*

रंगाआधी फोमवर हीट गन (गरम हवा फेकणारं यंत्र) फिरवली का? त्याने छिद्रं मिटतात, रंग कमी पितो. पण कोपराला फेविकॉलचा जाड थर देऊ नका, तोच वाकताना तडकतो. हाताचे दोन तुकडे करा आणि आतून इलॅस्टिकने जोडा. बाबा म्हणतायत, मधली फट काळ्या मोज्याने झाका.