मदत हवी आहे: आईची बीपीची गोळी 'बरं वाटलं' की बंद होते

माणदेशी_बाभूळ

नमस्कार मंडळी. आई ५९ वर्षांची, माण तालुक्यात (सातारा जिल्हा) गावी असते. शेजारी चुलता-चुलती आहेत, पण चूल वेगळी. एक म्हैस आहे, थोडी शेती आहे. मी चाकणला कंपनीत, शिफ्टची नोकरी, महिना-दीड महिन्यातून एकदा गावी जाणं होतं.

गेल्या दिवाळीनंतर तिला मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नेलं. आधी बीपी बघितलं तर १९०/१०४. डॉक्टरांनी टेबलावर घेतलीच नाही, परत पाठवली. तोवर घरात कुणाला पत्ताच नव्हता. चक्कर नाही, घाम नाही, काही नाही. आदल्या दिवशी ही बाई दिवसभर वाकून कांद्याची लागण करत होती.

तिथून ॲम्लोडिपिन ५ सुरू झाली. दोन महिन्यांनी डोळा झाला आणि डोळा झाल्या झाल्या गोळी बंद! तिच्या हिशेबाने गोळी डोळ्यासाठीच होती. मागच्या आठवड्यात गेलो तर फडताळातल्या डब्यात पाच पाकिटं तशीच. एकातून चार गोळ्या काढलेल्या. विचारलं तर म्हणाली, "डोकं दुखलं की खाते की. आता कसं मोकळं वाटतंय, मग उगं कशाला? एकदा धरली की सुटत न्हाय म्हणत्यात."

माझे प्रश्न:

मी मनगटावर बांधायचं मशीन नेलं होतं. सकाळी बाजेवर बसवून मोजलं, चुलतीशी गप्पा चालूच होत्या, १६८/९४ आलं. दहा मिनिटांनी १४६/८८. खरं कुठलं धरायचं?

गोळी घेतली की घोट्याशी पाय सुजतात म्हणते. दाबून बघितलं तर खड्डा पडतो. चुलती म्हणते गोळीनं किडनी जाते.

मीठ कसं कमी करायचं? ठेच्याशिवाय भाकरी उतरत नाही तिच्या घशाखाली.

आणि मुख्य म्हणजे रोज गोळी खायला तिला तयार कसं करू? फोनवर विचारलं की "खाल्ली" म्हणते. मी रागावलो की चुलतीकडे जाऊन रडते.

बाकी तब्येत ठणठणीत आहे. गुडघे दुखतात तेवढे, त्यासाठी बाजाराच्या दिवशी एका डॉक्टरांकडून सुई आणि पुडीतल्या गोळ्या घेते, त्याने तिला आराम पडतो.

खमंग_फोडणी

दादा, माझ्या मामांनी रोज अनशापोटी लसणाच्या दोन पाकळ्या आणि दुधीचा रस घेऊन गोळी कायमची सोडली. इंग्रजी औषधाच्या नादी लागू नका.

गावठी_कंदील

खमंग_फोडणी, मामांचं बीपी गोळी सोडल्यावर कुणी मोजलं होतं का, की त्यांना 'बरं वाटतं' एवढंच? आमच्या वडिलांनाही बरंच वाटत होतं. ऊस तोडून आले, जेवले, झोपले. पहाटे उजवा हात उचलेना, तोंड वाकडं. आता चार वर्षं झाली, पँटचं बटण आई लावून देते. खिशात गोळ्यांचं अख्खं पाकीट होतं. लसूण भाजीत घाला, पण गोळी बंद करून नाही.

उपकेंद्रवाली

मी भंडारा जिल्ह्यात उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे. तुमची आई माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या बायकांसारखीच आहे, त्यामुळे तिच्यावर रागावू नका.

तुम्ही सगळ्यात शेवटी सहज लिहिलंत, मी तिथूनच सुरू करते. ती गुडघ्याची पुडी. त्यात बहुतेक वेळा डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक असलं दुखणं दाबणारं काहीतरी असतं. ही औषधं अंगात मीठ आणि पाणी धरून ठेवतात, बीपी चढवतात, बीपीच्या काही गोळ्यांचा असर कमी करतात, आणि रोज घेतली तर किडनीला खरा धोका यांचाच. कधी कधी पुडीत स्टेरॉइडही असतं, आराम 'जादूसारखा' पडतो तो त्यामुळे. त्यानेही बीपी चढतं. सुट्या गोळ्या घेऊ नका, नाव छापलेलं पाकीट मागा किंवा चिठ्ठीवर नाव लिहून घ्या. स्टेरॉइड निघालं आणि बरेच दिवस चालू असलं तर मनाने एकदम तोडू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना दाखवूनच. गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल चालेल का हेही तिथेच विचारा.

आता मोजणं. बाजेवर नको, पाठ टेकेल अशा खुर्चीत बसवा. पाय जमिनीवर टेकलेले, मांडीवर मांडी नाही. आधी लघवीला जाऊ द्या. पाच मिनिटं गप्प. चहा आणि मशेरी आधी अर्धा तास नाही. (मशेरी लावते ना? तुम्ही लिहिलं नाहीत, पण मी विचारणारच.) दंड उघडा, पोलक्याची बाही वर गुंडाळून घट्ट केली तर तीही चुकते. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. मनगटाचं मशीन परत करा, दंडाचं घ्या, आणि पट्टा दंडाच्या मापाचा हवा. दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजा, वहीत लिहा. सकाळ-संध्याकाळ सात दिवस. दवाखान्यात १४०/९० आणि घरी १३५/८५ ही वेस. तुमचे दोन्ही आकडे वेशीबाहेरच आहेत, त्यामुळे 'खरं कुठलं' यात फार अडकू नका.

पाय सुजणं हा ॲम्लोडिपिनचा माहीत असलेला त्रास आहे, किडनी गेल्याचं लक्षण असेलच असं नाही. तरी लघवी आणि क्रिएटिनीन (किडनीची रक्ततपासणी) एकदा तपासाच, चुलतीचंही समाधान होईल. डॉक्टर डोस कमी करतील किंवा टेल्मिसार्टनसारखी दुसरी देतील. गोळी बदलून मिळते हे आईला सांगा. आमच्याकडे बायका बदलून मागत नाहीत, गुपचूप बंद करतात.

औषध विकतही घेऊ नका. सातारा आणि आमचा भंडारा, सोबत सिंधुदुर्ग आणि वर्धा, हे चार जिल्हे उच्च रक्तदाब नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमात महाराष्ट्रातून पहिल्यांदा घेतलेले. आरोग्य केंद्रात नोंद झाली की महिन्याच्या गोळ्या फुकट मिळतात, पुढे बहुतेक ठिकाणी गावच्या उपकेंद्रातूनही. आशाताईंना विचारा, त्यांच्याकडे तिशीपुढच्या सगळ्यांची यादी असते.

१८०/१२० च्या वर आकडा आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं, बोबडी वळणं, हात-पाय लुळा पडणं यातलं काहीही असेल तर १०८ ला फोन. तिथे जिभेखाली गोळी वगैरे प्रयोग नकोत.

सुकट_बोंबील

मिठाबद्दल मी सांगते, मालवणची सून आहे, आमच्याकडे खारं म्हणजे जेवणच. एकदम आळणी केलंत तर दोन दिवसांत ताट सरकवतील. आम्ही असं केलं: दिवसाचं मीठ माणशी एक चहाचा चमचा, सपाट, वेगळ्या वाटीत काढलं. (५ ग्रॅम म्हणतात ते एवढंच.) त्यातच आमटी, भाजी, भाकरीचं पीठ सगळं भागवायचं. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनीच पिठातलं मीठ बंद केलं, का तर कालवणाला पुरावं म्हणून! ठेच्यात लिंबू पिळा, शेंगदाणे वाढवा, मीठ आपोआप कमी लागतं. पापड-लोणचं सणाला. आणि गॅस झाला की पाण्यात फसफसवून पितात ती पावडर असेल घरात, तिच्यातही सोडियम भरपूर असतं.

उपकेंद्रवाली

वाटीची युक्ती उचलते मी. एक सांगायचं राहिलं: दुकानात 'कमी सोडियम'चं मीठ मिळतं, त्यात पोटॅशियम असतं. किडनी अशक्त असेल किंवा टेल्मिसार्टन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते नको.

गावठी_कंदील

बाभूळ भाऊ, फोनवर "खाल्ली का" विचारू नका, शाळेत हजेरी घेतल्यासारखं वाटतं त्यांना. जे काम त्या एक दिवसही चुकवत नाहीत त्याला गोळी बांधा. म्हैस आहे म्हणता, डेअरीला दूध कोण घालतं?

माणदेशी_बाभूळ

सगळ्यांचे आभार. उशीर झाला, काल गावाहून आलो.

पुडीतल्या गोळ्या आरोग्य केंद्रात नेल्या. पिवळी कसली ते कळलं नाही, पण गुलाबी डायक्लोफेनॅक निघाली. रोज दोन घेत होती, सात-आठ महिने. डॉक्टरांनी पुडी ठेवून घेतली. क्रिएटिनीन १.१, लघवी ठीक. ॲम्लोडिपिन बंद करून टेल्मिसार्टन ४० दिली, महिन्याने परत बोलावलंय. गुडघ्याला पॅरासिटामॉल आणि मांडीचे व्यायाम. व्यायामाला ती हसली.

मशेरी लावते. दिवसातून तीनदा. "गोळीची सवय नको म्हणतेस, मग ही?" असं विचारलं तर म्हणाली, "ती सवय हाय, ही बिमारी हाय."

डेअरीचं मात्र जमलंय. सकाळी साडेसहाला दूध घालायला स्वतः जाते, पावसातसुद्धा. गोळ्यांचं पाकीट आणि दुधाचं कार्ड एकाच पिशवीत घालून किटलीच्या खुंटीला टांगलं. गोळी खाऊन मगच किटली उचलायची. सहा दिवस झाले, चुलत्याला मोजायला लावलं, सहा गोळ्या कमी आहेत. कालचं बीपी खुर्चीत बसवून, नवीन मशीनवर १४८/८६.

नवीन मशीन बघून चुलतीही हात पुढे करून बसली, गंमत म्हणून. १७२/१०२. पुन्हा मोजलं, १७०/१००. वय ५२, तिला कधी काही झालेलंच नाही. आता ती म्हणते मशीन बिघडलंय. तिच्यासाठी वेगळा धागा काढू की इथेच विचारू?

उपकेंद्रवाली

इथेच. पण त्याआधी तिला उद्याच उपकेंद्रात पाठवा, दुसऱ्या दिवशीचा, दुसऱ्या मशीनवरचा आकडा हवा. आणि गुडघे दुखतात का तेही विचारून ठेवा, दोघी बाजाराला एकत्रच जात असतील.